खांबांवरून फायबर केबल नेताना ती किती ताठ ओढावी?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. विजेच्या खांबांवरून बाराएक मिलिमीटर जाडीची फायबर केबल न्यायची तर ती किती ताठ ओढावी, आणि फायबरमधून वीज वाहतच नाही तर विजेची एवढी काळजी कशाला. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण पहिल्यात चुकलं तर केबल जाते, दुसऱ्यात माणूस जातो.

काचेतून वीज वाहत नाही हे खरं, पण केबल म्हणजे नुसती काच नव्हे. फिगर-एट केबलच्या (काप इंग्रजी आठसारखा दिसणाऱ्या) वरच्या अंगाला सहसा पोलादी तार असते. मेसेंजर वायरला, म्हणजे आधी ताणलेल्या आधाराच्या तारेला, केबल बांधत नेणार असाल तर तीही पोलादीच. विजेच्या लाइनला समांतर अशी तार लांबवर गेली की कुठेही न टेकता तिच्यात व्होल्टेज उतरतं, म्हणून तिला जागोजागी अर्थिंग द्यावं लागतं आणि अर्थिंग होईपर्यंत ती जिवंत आहे असंच धरून वागायचं. धातू अजिबात नसलेली आणि स्वतःचं वजन स्वतःच पेलणारी एडीएसएस केबल इथे बरी. तरी ओली आणि धुळीने माखलेली एडीएसएसही पूर्ण निर्धोक समजू नका.

खरा धोका मात्र ओढतानाचा आहे. केबल जमिनीवर किंवा झाडाच्या फांदीत अडकलेली असते, पुढून जोर लागतो, ती सुटते आणि धनुष्याच्या दोरीसारखी वर उसळते. वर काय आहे ते तुम्हाला माहीत आहे. त्यामुळे वीज कंपनीकडून लेखी शटडाउन घ्या, लाइन मृत असल्याची तपासणी आणि तात्पुरतं अर्थिंग डोळ्यांनी बघा, मगच माणूस चढवा. शटडाउन मिळत नसेल आणि अंतर पुरेसं नसेल, तर त्या दिवशी काम नाही. विजेच्या तारांच्या पट्ट्यातच केबल बांधायची असेल तर ते काम प्रशिक्षित लाइनमनचं. इंटरनेटवाल्या पोरांनी तिथे जायचं नाही.

अंतराचा नियम तुमच्या भागात जो असेल तो पाळा. अंदाज यावा म्हणून सांगतो: अमेरिकेच्या एनईएससी या वीज-सुरक्षा नियमावलीत खांबावर विजेचं सामान आणि दळणवळणाची केबल यांच्यात साधारण 40 इंच, म्हणजे मीटरभर जागा मोकळी ठेवतात. बरेच जण हे अंतर फक्त खांबाशी मोजतात आणि निश्चिंत होतात. उन्हात आणि भार वाढल्यावर विजेची तार तापून खाली येते. खालची केबल तेवढी येत नाही. दोन खांबांच्या मधोमध, सर्वांत गरम दिवशी काय अंतर राहील ते बघायला हवं. आणि मोजायला फायबरग्लासची काठी वापरा, धातूची टेप चुकूनही वर नेऊ नका.

आता ताठपणा. थोडक्यात सांगायचं तर ताठ ओढायचीच नाही, झोळ ठेवायचा. झोळ म्हणजे दोन खांबांच्या मधोमध केबल सरळ रेषेपासून जितकी खाली येते तेवढं अंतर. केबलचं मीटरमागे वजन गुणिले खांबांमधल्या अंतराचा वर्ग, भागिले झोळाची आठपट, म्हणजे ताण. समजा केबल मीटरला 100 ग्रॅम आहे आणि खांब 60 मीटरवर आहेत. झोळ 60 सेंटिमीटर ठेवला तर केबलवर 75 किलो टांगल्याइतका ताण येतो. झोळ 30 केला की 150. कोणाला ती रेघेसारखी सरळ हवी असेल आणि झोळ 6 सेंटिमीटरवर आणला, तर 750 किलो! हा झाला वारा नसतानाचा, नुसत्या वजनाचा हिशेब. थंडीत केबल आखडते, झोळ आणखी कमी होतो. म्हणून उत्पादकाकडून अंतर आणि तापमानानुसार झोळाचा तक्ता मागून घ्या आणि त्या दिवशीच्या तापमानाचा आकडा वापरा.

झोळ मोजायची एक जुनी युक्ती लाइनमन लोक वापरतात, मला ती फार आवडते. केबल बांधून झाली की खांबाजवळ तिला हाताने एक टिचकी द्या. लाट पलीकडच्या खांबाला आपटून परत येते आणि हाताला जाणवते. तिसऱ्यांदा परत येईपर्यंतचे सेकंद मोजा, तीनने भागा, वर्ग करा, 0.306 ने गुणा. आलेला आकडा म्हणजे मीटरमध्ये झोळ. वरच्या उदाहरणात 4.2 सेकंद लागतील: एका फेरीला 1.4, वर्ग 1.96, झोळ 0.6 मीटर. खांबांमधलं अंतर किंवा केबलचं वजन माहीत असायचीही गरज नाही.

ओढताना नेहमीच्या केबलला 2700 न्यूटन ही मर्यादा सहसा दिलेली असते, पण तुमच्या केबलच्या डेटाशीटवरचाच आकडा खरा. पुढे ठरावीक ताणाला तुटणारा स्विव्हल (फिरती कडी) लावा, म्हणजे आधी तो तुटेल. वळणाचं गणित इथे हमखास चुकतं. ताणाखाली असताना वळणाची त्रिज्या व्यासाच्या 20 पट हवी, म्हणजे 12 मिलिमीटरच्या केबलला 24 सेंटिमीटर. ही त्रिज्या आहे. कोपऱ्यावरची कप्पी त्यामुळे 48 सेंटिमीटर व्यासाची लागते, पण लोक 24 ची लावून मोकळे होतात. ड्रमवरून काढलेली केबल जमिनीवर ठेवायची वेळ आली तर गोल वेटोळं घालू नका, इंग्रजी आठच्या आकारात घाला, नाहीतर पीळ बसतो. रस्ता ओलांडताना दोन्ही बाजूंची वाहतूक थांबवा. खाली लोंबणारी केबल ट्रकमध्ये अडकली तर खांबावरच्या माणसासकट सगळं ओढलं जातं.

क्लॅम्पबद्दल माझाच अनुभव. सुरुवातीच्या काळात आम्ही एका मार्गावर केबल कडक ओढली होती आणि व्यासाला थोडा लहान पडणारा क्लॅम्प आवळून बसवला होता. दिसायला देखणं काम. थंडी पडल्यावर लिंक तुटायला लागली. ओटीडीआरवर (फायबरमध्ये प्रकाश सोडून तो कुठे किती वाया जातो ते दाखवणारं यंत्र) 1310 नॅनोमीटर तरंगलांबीला काहीच विशेष दिसेना, 1550 ला मात्र नेमकी त्या खांबापाशी पायरी, म्हणजे प्रकाशात एकदम घट. काच वाकली किंवा दबली की लांब तरंगलांबीचा प्रकाश आधी निसटतो, म्हणून असा फरक दिसतो. क्लॅम्प बदलला, झोळ वाढवला, पायरी गेली. तेव्हापासून दोन्ही तरंगलांबींवर चाचणी घेतल्याशिवाय मी काम हातावेगळं करत नाही.

शेवटच्या आणि वळणाच्या खांबाला टेन्शन क्लॅम्प (केबलचा ताण धरणारा) आणि उलट्या बाजूने स्टे, म्हणजे खांबाला जमिनीशी ताणून धरणारी तार. मधल्या सरळ खांबांना केबल नुसती टांगून धरणारा सस्पेन्शन क्लॅम्प पुरतो. चढण्याआधी खांब बघा. लाकडी असेल तर हातोडीने ठोका, पोकळ आवाज आला की चढायचं नाही. सिमेंटचा असेल तर बुंध्याशी तडे आणि उघडी पडलेली सळई. हार्नेसला दोन दोर ठेवा, एक सोडताना दुसरा अडकवलेला.

जॉइंट क्लोजरपाशी, म्हणजे फायबरचे जोड ठेवायच्या पेटीपाशी, दोन्ही बाजूंना एवढी केबल शिल्लक ठेवा की क्लोजर जमिनीवर आणून स्प्लायसिंग करता येईल. खांबावर बसून काच जोडणं म्हणजे छळ आहे. आणि ड्रम आला त्याच दिवशी, उलगडण्याआधी, प्रत्येक फायबर ओटीडीआरवर तपासून ट्रेस जपून ठेवा. नंतर दोष निघाला तर तो कारखान्यातून आला की तुमच्या कप्पीवर झाला, हे त्यावरूनच ठरतं.