पॉलिमरचे कण ठरावीक प्रथिनच पकडतात, हे खरं का?

‘मॉलिक्युलरली इम्प्रिंटेड पॉलिमरचे कण अँटिबॉडीसारखे नेमकं एकच प्रथिन पकडतात का?’ असं तुम्ही विचारलंय. (म्हणजे एखाद्या रेणूचा ठसा आत घेऊन बनवलेलं पॉलिमर.) पकडतात, पण ‘नेमकं तेच’ हे सिद्ध करताना घाम फुटतो. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला मी गाईच्या हिमोग्लोबिनवर हे काम केलं होतं, त्या अनुभवावरून सांगते.

गणपतीच्या मूळ मूर्तीवरून रबराचा साचा काढतात ना, तसंच. हिमोग्लोबिनच्या द्रावणात ॲक्रिलामाइड आणि त्याच्या साखळ्या एकमेकींना जोडणारं बिसॲक्रिलामाइड घालून जेल जमवायचं, बारीक चाळणीतून दाबून त्याचे कण करायचे आणि आतलं प्रथिन धुऊन काढायचं. उरलेल्या पोकळीत आकार जुळतो, शिवाय प्रथिनाशी हायड्रोजन बंध करणारे गटही जागच्या जागी असतात.

खरा कस लागतो धुण्यात. लालसर जेल एसडीएस (साबणासारखं एक रसायन) आणि ॲसेटिक ॲसिडच्या द्रावणाने धूत राहायचं आणि दर वेळी वरचं द्रावण स्पेक्ट्रोफोटोमीटरवर, म्हणजे द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजणाऱ्या यंत्रावर, ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास तपासायचं. डोळ्यांना रंग दिसेनासा झाला तरी यंत्राला दिसतच असतो. मग पाण्याने एसडीएस घालवायचं. ते मागे राहिलं तर प्रथिन त्यालाच चिकटतं आणि आकडे उगाच छान येतात. माझे पहिले आकडे असेच आले होते. हिमोग्लोबिन न घालता बनवलेल्या जेलनेही जवळपास तेवढंच प्रथिन धरलं, तेव्हा उलगडा झाला. म्हणून कुठलाही पेपर वाचताना आधी ठसा नसलेल्या पॉलिमरचे आणि दुसऱ्या प्रथिनांचे आकडे शोधा. ते नसतील तर निवडकतेचा दावा धरू नका.

छोट्या रेणूंचं गणित सोपं. थिओफिलिन या दम्याच्या औषधासाठी संशोधक क्लाउस मोसबाख यांच्या गटाने १९९३ मध्येच अँटिबॉडीच्या तोडीची निवडकता दाखवली होती. प्रथिन मात्र अवाढव्य. पॉलिमरचं जाळं दाट केलं तर ते आत अडकतं, सैल केलं तर पोकळीचा आकार टिकत नाही. त्यात पाणी स्वतःच हायड्रोजन बंधांसाठी स्पर्धा करतं. त्यामुळे आता ठसा कणाच्या पृष्ठभागावर घेतात, किंवा प्रथिनाच्या एखाद्या तुकड्याचाच घेतात.

मला सगळ्यात भावलेलं काम मेलिटिनवरचं आहे. मधमाशीच्या विषातलं हे पेप्टाइड, अवघ्या २६ अमिनो ॲसिडचं. होशिनो आणि केनेथ शे यांच्या गटाने त्याच्या ठशाचे नॅनोकण बनवले आणि २०१० मध्ये दाखवलं की मेलिटिन टोचलेल्या उंदरांना हे कण शिरेतून दिले, तर रक्तातलं विष पकडलं जातं आणि मरणारे उंदीर कमी होतात.