वाचक विचारतात : रॅडवाल्डचा वंश देवापासून?

प्रश्न : इंग्लंडमध्ये सटन हू इथे जमिनीत पुरलेली नाव आणि खजिना सापडला, तो रॅडवाल्ड राजाचा असल्याचे वाचले. त्याच्या घराण्याचा वंश म्हणे थेट वोडन देवापर्यंत जातो. यातले खरे किती धरायचे? आणि राजा म्हणून हा माणूस होता कसा?
— एक वाचक, सांगली

उत्तर : रॅडवाल्ड, त्याचा बाप टिटिला आणि आजा वुफा, एवढ्या तीन पिढ्या निःशंकपणे धरा. ही नावे बीड नावाच्या मठवासी इतिहासकाराने 731 च्या सुमारास लिहून ठेवली आहेत. वुफावरूनच ईस्ट अँग्लियाच्या, म्हणजे इंग्लंडच्या पूर्वेकडच्या जुन्या राज्याच्या, या राजघराण्याला वुफिंगास म्हणत, हेही तोच सांगतो.

वोडनपर्यंत जाणारी वंशावळ वेगळी. ती 749 साली वारलेल्या एल्फवाल्ड राजापासून सुरू होते आणि मुलाकडून बापाकडे अशी वर चढत जाते. टिटिला, वुफा, वेहा अशी नावे घेत ती अगदी वरच्या टोकाला ‘कासेर’पर्यंत, म्हणजे रोमच्या सीझरपर्यंत पोचते, आणि या सीझरचा बाप म्हणून वोडन! जुन्या जर्मॅनिक टोळ्यांचा देव आणि रोमचे सम्राटपद, दोन्ही एकाच घरात आणून बसवले आहेत. हा इतिहास नव्हे, राज्यावरचा हक्क सांगण्याची रीत आहे. गंमत म्हणजे घराण्यातला सर्वांत नामांकित राजा, आपला रॅडवाल्ड, या यादीत नाहीच. एल्फवाल्ड हा त्याच्या भावाच्या, एनीच्या शाखेतला. ज्याने यादी करवली त्याचे पूर्वज तेवढे तीत आले.

आता माणूस कसा होता ते. केंट या आग्नेय इंग्लंडमधल्या राज्यात जाऊन त्याने बाप्तिस्मा घेतला, पण घरी परतल्यावर बायकोने आणि काही सल्लागारांनी त्याचे मन वळवले. मग एकाच देवळात ख्रिस्ताची वेदी आणि शेजारी जुन्या देवांना बळी देण्याची लहान वेदी, अशी व्यवस्था त्याने केली. बीडला याचा संताप येतो. मला मात्र हा राजा इथेच समजू लागतो. नवा धर्म केंटच्या बलाढ्य राजाकडून आलेला, आणि जुने देव घरचे. त्याला दोन्ही सांभाळायचे होते. ते देऊळ आपल्या लहानपणी उभे होते, आपण ते पाहिले आहे, असे एनीचा नातू आल्डवुल्फ राजा सांगत असे.

त्याच राणीने पुढे त्याची लाज राखली. नॉर्थम्ब्रिया या उत्तरेकडच्या राज्यातून परागंदा झालेला एडविन त्याच्या आश्रयाला आला होता. त्याला मारावे म्हणून तिथल्या एथेलफ्रिथ राजाने दूतांबरोबर पैसे देऊ केले. एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा युद्धाची धमकीही दिली. रॅडवाल्ड डगमगला, कबूल झाला. राणी म्हणाली, संकटात सापडलेल्या मित्राला सोन्यासाठी विकणे एवढ्या मोठ्या राजाला शोभत नाही. त्याने ऐकले आणि सैन्य घेऊन निघाला. 616 च्या सुमारास आयडल नदीकाठी एथेलफ्रिथ मारला गेला आणि एडविन नॉर्थम्ब्रियाचा राजा झाला. त्या लढाईत रॅडवाल्डचा मुलगा रेगेनहेरे पडला. दिलेल्या आसऱ्याची एवढी किंमत त्याने मोजली, म्हणून तो मला मोठा वाटतो. राणीचे नाव बीडने दिलेले नाही, वंशावळीत तर बायकांना जागाच नाही. याची मला मनापासून चीड येते.

राहिली सटन हूची नाव. पूर्व इंग्लंडमधल्या सफक परगण्यात एडिथ प्रिटी यांच्या जमिनीवरच्या थडग्याच्या टेकाडात 1939 साली बेसिल ब्राउन यांनी ती शोधली. सत्तावीस मीटर लांबीच्या नावेचे लाकूड कुजून गेले होते. वाळूत उरला तो तिचा ठसा आणि लोखंडी खिळ्यांच्या रांगा. आम्लधर्मी मातीने देहही उरू दिला नाही, आणि पुरलेल्या माणसाचे नाव कोरलेली एकही वस्तू नाही. पण सोबत पुरलेली 37 सोन्याची नाणी फ्रँक लोकांच्या मुलखातली, सातव्या शतकाच्या आरंभीची आहेत, आणि रॅडवाल्ड वारला 624 च्या आसपास. शिवाय थाट राजाचा. म्हणून बहुतेक अभ्यासक त्याचेच नाव घेतात. मलाही ते पटते, तरी ‘बहुधा’ हा शब्द गाळू नये.

प्रिटीबाईंनी सगळा ठेवा ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. लंडनला जाणे झाले, तर तिथला सोन्याचा पट्ट्याचा बक्कल जरूर पाहा. वजन जवळपास 413 ग्रॅम, म्हणजे आजच्या हिशेबाने एक्केचाळीस तोळ्यांच्या वर. त्यावर एकमेकांत गुंतलेले साप आणि पशू कोरले आहेत. एकाची शेपटी धरून नजर फिरवत जा, डोके सापडायला बराच वेळ लागतो.