सासू-सासरे, मुलं आणि डिसेंबरातली दिल्ली: कसं जायचं, कसं फिरायचं

ताई, तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: नाशिकहून सहा जण, त्यात सासू-सासरे सत्तरीच्या पुढचे, सासूबाईंचे गुडघे दुखतात, दोन मुलं शाळकरी. नाताळच्या सुट्टीत पाच दिवस दिल्ली. विमान की रेल्वे, कुठे उतरायचं, आणि तिथे मेट्रोने फिरायचं की पाचही दिवस गाडी ठरवायची.

मी नोकरीमुळे बरीच वर्षं दिल्लीत आहे आणि हिवाळ्यात घरी पाहुण्यांचा राबता असतो, त्यामुळे या प्रश्नाची सवय आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. दिल्लीत अंतर त्रास देत नाही, चालणं देतं. मेट्रो वीस किलोमीटर आरामात नेते आणि मग स्टेशनातल्या स्टेशनात अर्धा किलोमीटर चालवते. तेव्हा तिकिटाच्या पैशांपेक्षा कुठे किती पायपीट आहे ते बघून ठरवा. तुमच्यासोबत दुखरे गुडघे आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

जाताना रेल्वे घ्या, आणि ती मुंबई सीएसएमटीहून निघणारी राजधानी (२२२२१). ही गाडी कल्याण, नाशिकरोड, जळगाव, भोपाळमार्गे जाते. संध्याकाळी नाशिकरोडला बसायचं, रात्री झोपायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी हजरत निजामुद्दीन (दिल्लीतलंच एक स्टेशन). पंजाब मेल आहे, पण त्यात दुसरा अख्खा दिवस गाडीत जातो आणि दिल्ली अंधार पडल्यावर येते. म्हाताऱ्या माणसांना घेऊन रात्री अनोळखी स्टेशनवर उतरायची हौस कशाला. राजधानीचं भाडं मात्र जागा भरत जाते तसं चढतं, म्हणून बुकिंग पहिल्याच दिवशी करा. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० नव्हे, ६० दिवस आधी उघडतं, सकाळी ८ वाजता. आयआरसीटीसीचं खातं आधारशी आधीच जोडून ठेवा. सुरुवातीच्या वेळात आता त्याशिवाय तिकीट निघत नाही.

इथे एक खाचखळगा आहे. सहाही जणांचं एकच तिकीट काढलंत तर सासू-सासऱ्यांना ज्येष्ठांच्या कोट्यातली खालची सीट मिळणार नाही. तो कोटा एका तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असतील आणि तेही वयात बसणारे असतील तरच लागतो (पुरुष ६०, बाई ४५). म्हणजे त्या दोघांचं तिकीट वेगळं काढायचं. डबा वेगळा येण्याची शक्यता राहते, पण मधल्या बर्थवर चढण्यापेक्षा ते परवडलं. ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली ती झालीच, तिचा हिशेब धरू नका.

ओझरहून (नाशिकच्या विमानतळावरून) दिल्लीचं थेट विमानही आहे. ते मी परतीसाठी राखा म्हणेन, का ते पुढे सांगतो.

धुक्याचं आधी बोलू. डिसेंबरचा दुसरा पंधरवडा आणि जानेवारी म्हणजे उत्तरेत धुक्याचे दिवस. आग्रा-मथुरेपासून पुढे गाडी रांगायला लागते आणि दोन-चार तास उशीर कोणाला नवलाचा वाटत नाही. पोहोचायच्या दिवशी काहीही ठरवू नका. त्या दिवशी फक्त हॉटेल, जेवण, झोप, आणि संध्याकाळी जमलं तर कॅनॉट प्लेस. विमानाचंही तेच, फक्त तिथे मार पहाटेच्या आणि सकाळच्या विमानांना बसतो. म्हणून परतीचं विमान दुपारचं बघा. दुपारी एकपर्यंत धुकं सहसा उठलेलं असतं.

निजामुद्दीनला उतरल्यावर दोन बाजू आहेत. सराय काले खां बाजूला मेट्रोची पिंक लाइन आहे. नकाशात दिसतं की इथून मयूर विहार-१ ला गाडी बदलून ब्लू लाइनने करोल बागेत जाता येतं, आणि जाता येतंही. पण रात्रभर प्रवास करून, सहा जणांच्या बॅगा घेऊन ते करू नका. मेट्रोत प्रत्येक बॅग क्ष-किरण यंत्रातून जाते, पुरुष-बायकांच्या तपासणीच्या रांगा वेगळ्या, सामानाची मर्यादा माणशी २५ किलो. पहिल्या दिवशी सरळ गाडी. सहा जण म्हणजे साधी टॅक्सी पुरत नाही, अ‍ॅपवर मोठी सात सीटची बघा, किंवा प्रीपेड बूथवरून दोन घ्या. फलाटावरच ‘टॅक्सी सर, होटल सर’ करत मागे लागणाऱ्याला नुसती मान हलवून पुढे व्हायचं. तुमचं हॉटेल बंद पडलंय, तिकडे दंगल झालीय, असं कोणी सांगितलं तर हॉटेलला फोन लावा. हा जुना धंदा आहे.

नवी दिल्ली स्टेशनला उतरायची वेळ आलीच तर एवढं लक्षात ठेवा: सोळा फलाट आहेत, एक नंबर पहाडगंज बाजूला, सोळा नंबर अजमेरी गेट बाजूला. मेट्रोची यलो लाइन आणि विमानतळाची मेट्रो दोन्ही अजमेरी गेटकडे. चुकीच्या बाजूला बाहेर पडलात तर पूल चढून सगळे फलाट ओलांडून परत यावं लागतं.

राहायला करोल बाग किंवा झंडेवालान. ब्लू लाइन दाराशी, मधल्या दरातली हॉटेलं भरपूर, शाकाहारी जेवणाची पंचाईत नाही. शिवाय विटा-आटपाडीकडचे गलाई (सोनं-चांदी गाळण्याच्या) व्यवसायातले लोक या भागात पिढ्यान्‌पिढ्या आहेत, सोन्याच्या गल्लीत अस्सल सांगलीचं मराठी कानावर पडतं. पहाडगंज स्वस्त आहे, तिथे नूतन मराठी शाळा आणि आपली जुनी मराठी वस्तीही आहे, पण गल्ल्यांत गाडी हॉटेलपर्यंत येईलच असं नाही. गुडघ्यांसाठी ते नको. हॉटेलला फोन करून दोनच गोष्टी विचारा: लिफ्ट चालू आहे का आणि गाडी दारापर्यंत येते का.

आता फिरणं. पाच दिवस गाडी ठरवणं म्हणजे पैसे घालून ट्रॅफिकमध्ये बसणं. पाचही दिवस मेट्रो म्हणजे सासूबाई तिसऱ्या दिवशी हॉटेलातच थांबणार. दोन्ही मिसळा.

मेट्रोचा दिवस: लाल किल्ला, चांदनी चौक, जामा मशीद. व्हायलेट लाइनचं ‘लाल किला’ स्टेशन किल्ल्याजवळच आहे आणि पुढचंच ‘जामा मशीद’. २०१७ मध्ये हा भाग सुरू झाल्यापासून जुनी दिल्ली फार सोपी झाली. गाडी नेऊन उपयोग नाही, कारण लाल किल्ल्यापासून फतेहपुरीपर्यंत, म्हणजे अख्ख्या चांदनी चौकात, सकाळी ९ ते रात्री ९ मोटारींना बंदी आहे. तिथे सायकलरिक्षा करा, भाव आधी ठरवा, आणि जायचं-यायचं दोन्ही धरून ठरवा. चावडी बाजार स्टेशन टाळलंत तरी चालेल, ते खूप खोल आहे, आणि बाहेर पडल्यावर जो गलका असतो त्यात सासऱ्यांचा हात सोडायची सोय नाही.

दुसरा मेट्रोचा दिवस अक्षरधाम. करोल बागेतून ब्लू लाइनने नोएडाकडे, गाडी बदलायची नाही. आत मोबाइल नेऊ देत नाहीत, त्यामुळे कोणी हरवलं तर भेटायची जागा आधीच ठरवा.

गाडीचा दिवस: कुतुबमिनार, हुमायूनची कबर, इंडिया गेट, राष्ट्रीय युद्ध स्मारक. ‘कुतुबमिनार’ नावाचं मेट्रो स्टेशन आहे खरं, पण तिथून मिनार दीडेक किलोमीटर. केंद्रीय सचिवालय स्टेशनपासून इंडिया गेट सरळ रेषेत दिसतं आणि चालायला लागलं की संपत नाही. हा दिवस सोमवारी ठेवा. लाल किल्ला आणि अक्षरधाम सोमवारी बंद असतात, आणि मुलांना रेल्वे म्युझियम दाखवायचं असेल तर तेही, म्हणून ते इतर दिवशी. गाडीवाले ‘आठ तास, ऐंशी किलोमीटर’ या हिशेबाने भाव सांगतात. पार्किंग धरून की वेगळं, आणि वेळ तुमच्या हॉटेलपासून मोजणार की त्यांच्या गॅरेजपासून, हे आधी विचारा. गाडी सीएनजीची मागा. हवा बिघडली की बीएस-३ पेट्रोल आणि बीएस-४ डिझेल (धुराच्या जुन्या मानकांच्या) गाड्या रस्त्यावरून उतरवतात. याच कारणाने नाशिकहून स्वतःची गाडी घेऊन यायचा विचार असेल तर सोडा.

मेट्रोचं थोडं. ऑगस्ट २०२५ च्या वाढीनंतर तिकीट ११ ते ६४ रुपये आहे. पाच दिवसांसाठी स्मार्ट कार्ड घ्या, प्रत्येकाचं वेगळं. भाड्यात १० टक्के सूट मिळते आणि मुख्य म्हणजे रांग वाचते. गाडी ज्या दिशेने जाते तिकडचा पहिला डबा बायकांचा. पाहुण्यांत हमखास होतं ते असं: सासूबाई चढतात, मागोमाग सासरे चढतात, आणि चार पोरी एकदम ‘अंकल, लेडीज़ कोच है’ म्हणतात. फलाटावर गुलाबी खूण असते, ती बघून उभे राहा. बाकी दिल्लीकर फटकळ असले तरी वयस्क माणूस दिसलं की उठून जागा देतात, हे मी छातीठोकपणे सांगेन. सकाळी ९ ते ११ आणि संध्याकाळी ५ ते ८ राजीव चौकात गाडी बदलायच्या भानगडीत पडू नका. प्रत्येक स्टेशनात लिफ्ट आहे, पण ती कुठल्या गेटला आहे ते तपासणीवरच्या जवानाला विचारा, बरोबर सांगतात.

नकाशावर दोन रंग एकमेकांना टेकलेले दिसले म्हणून हुरळून जायचं नाही. पिंक लाइनचं दुर्गाबाई देशमुख साउथ कॅम्पस (आपल्या चिंतामणराव देशमुखांच्या पत्नी) आणि विमानतळ लाइनचं धौला कुआं ही स्टेशनं जोडलेली दाखवतात. जोडणारा पूल १.२ किलोमीटरचा आहे! सरकते पट्टे आहेत, तरी बॅगा घेऊन नको. हौज़ खासला यलोवरून मजेंटावर जाणंही असंच लांबलचक आणि खोल.

रिक्षाला इथे ऑटो म्हणायचं, आणि ‘मीटर से चलोगे?’ विचारून बघायचं. दहातले दोन हो म्हणतात. अ‍ॅपवर भाव बघून तेवढाच सांगितला की बहुतेक वेळा जमतं. सहा जण म्हणजे दोन ऑटो, प्रत्येकात एक मोठं माणूस फोनसकट. मेट्रोबाहेरच्या ई-रिक्षा शेवटच्या किलोमीटरला छान, पण मोठ्या रस्त्यावर त्यात बसू नका. बस मी तुमच्यासाठी सुचवत नाही. स्वस्त आहे, लो-फ्लोअर आहे, पण थांब्यावर नीट उभी राहीलच याची खात्री नाही.

परतीच्या विमानाच्या तिकिटावर टर्मिनल बघा. टी-३ असेल तर नवी दिल्लीहून ऑरेंज लाइन (तीच विमानतळाची मेट्रो) वीसेक मिनिटांत नेते. टी-१ पूर्ण वेगळीकडे आहे, तिथे मजेंटा लाइन जाते, आणि यलो लाइनने गेलात तर हौज़ खासची ती पायपीट मध्ये येते. टी-१ असेल तर हॉटेलातून थेट गाडीच करा.

आग्र्याचं मनात असेल तर निजामुद्दीनहून सकाळी ८ च्या सुमारास सुटणारी गतिमान एक्सप्रेस, शुक्रवार सोडून. ताजही शुक्रवारी बंद. धुक्यात पहाटे गाडीने यमुना एक्सप्रेसवेवर जाऊ नका, तिथे एकामागून एक गाड्या आदळतात. पाच दिवसांत आग्रा बसवायचं की नाही ते सासूबाईंना विचारून ठरवा आणि तारखा इथे टाका, वार बघून दिवस मांडून देतो.