बोललो तर वाट दाखवल्यासारखं होईल का?

“मॅडम, परत घेतलं तर काय, हे त्याच्यासमोर बोलायचं म्हणजे आपणच त्याला वाट दाखवल्यासारखं नाही का होणार?”

मी समुपदेशक. गर्दचं व्यसन असलेला मुलगा व्यसनमुक्ती केंद्रातून घरी यायचा असला की हा प्रश्न माझ्यासमोर येतोच. कधी आई विचारते, कधी बायको. वडील बहुधा विचारत नाहीत, ते कुलूप आणतात.

सुनंदाताई आणि विलासराव (नावं आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत) माझ्यासमोर बसले होते, तेव्हा त्यांचा मंगेश आठवडाभरात घरी यायचा होता. वय सव्वीस. राहायला मुंबईच्या पूर्व उपनगरातली बैठी चाळ, एक खोली आणि वर पोटमाळा. विलासरावांचा बंदोबस्त ठरला होता. मोबाइल काढून घ्यायचा, हातात दहा रुपयेसुद्धा द्यायचे नाहीत, रात्री दाराशी स्वतः अंथरूण टाकायचं. ‘परत घेतलं तर’ हा विषय मात्र घरात निघता कामा नये. वास्तू तथास्तु म्हणते, अशी त्यांची ठाम समजूत.

मी त्यांना आधी शरीराचं गणित सांगितलं. गर्द म्हणजे ब्राउन शुगर, अफूच्या कुळातलं. रोज ओढणाऱ्याच्या शरीराला ती मात्रा सोसायची सवय होते. टर्की, म्हणजे नशा तुटल्यावरचा त्रास, काढून काही आठवडे बंद राहिला की ती सवय उतरते, डोक्यात मात्र जुनंच माप असतं. पूर्वी ज्या पुडीने जेमतेम अंगदुखी थांबायची, तीच आता श्वास थांबवू शकते, कारण हे द्रव्य मेंदूतल्या श्वास चालवणाऱ्या भागालाच मंद करतं. वर दारू किंवा झोपेच्या गोळ्या असल्या तर धोका वाढतो. म्हणून केंद्रातून किंवा तुरुंगातून सुटल्यावरचे पहिले काही आठवडे ओव्हरडोसच्या दृष्टीने सगळ्यांत वाईट. घरच्यांना वाटतं, बरा होऊन आला, आता सुटलो. नेमके तेव्हाच ते गाफील असतात.

वाट दाखवण्याचं म्हणाल, तर पुडी कुठे मिळते हे मंगेशला आपल्या सगळ्यांपेक्षा चांगलं ठाऊक आहे. त्याला ठाऊक नसतात त्या दोन गोष्टी. एक म्हणजे त्याचं शरीर आता पूर्वीचं राहिलेलं नाही. दुसरी, पाय घसरलाच तर घरी सांगता येईल. ‘परत घेतलंस तर घराबाहेर काढीन’ ही धमकी ऐकलेला मुलगा नशा सोडतोच असं नाही, लपवायला मात्र नक्की शिकतो. लपून म्हणजे एकट्याने, कडी लावून. आणि एकट्याने घेतलेल्याचा श्वास मंदावला तर बघायला कोणी नसतं.

सुनंदाताईंनी मान हलवली, पण पटलेलं दिसत नव्हतं. समुपदेशकाचं ऐकायला येतात माणसं. विश्वास ठेवतात ते त्यातून गेलेल्यावर. हे नवं नाही. अमेरिकेत दारू सोडलेल्यांच्या बायकांनी एकत्र येऊन १९५१ मध्ये अल-अनॉन उभं केलं. आपल्याकडे पुण्याच्या मुक्तांगणने, म्हणजे डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या केंद्राने, बायकांसाठी ‘सहचरी’ गट चालवला. आमचा गट त्यामानाने अगदी लहान. शनिवारी संध्याकाळी एका शाळेच्या वर्गात सात-आठ बायका लहान मुलांच्या बाकांवर अंग चोरून बसतात. पुरुष क्वचित. त्यातल्या तिघी-चौघी जरा सावरलेल्या. त्या इतरांच्या घरी जातात, फोन घेतात, रुग्णालयात सोबत थांबतात.

रेखामावशी त्यांपैकी एक. त्यांचा मुलगा ओव्हरडोसने गेला. रात्री तो मोठमोठ्याने घोरत होता, घरच्यांना वाटलं बऱ्याच दिवसांनी गाढ झोपलाय, आणि कोणी उठवलं नाही. हे त्या कोणालाही सांगतात, रडत नाहीत. “ते घोरणं नव्हतं, घशात घरघर होती,” एवढंच म्हणतात आणि पुढच्या कामाला लागतात.

मंगेश यायच्या आधी मावशी आणि गटातल्या आणखी एक जण सुनंदाताईंच्या घरी गेल्या. एकटीने जायचं नाही हा गटाचा नियम आहे. सुनंदाताईंना धास्ती चाळीची; शेजारणीने विचारलं तर काय सांगायचं? मावशींनीच परस्पर “भिशीचं बोलायला आलोय” म्हणून टाकलं. मग त्यांनी न्हाणीघराची कडी बघितली आणि विलासरावांना म्हणाल्या, “दादा, कुलूप आणायला पैसे आहेत ना, मग ही कडी बदला. बाहेरून उघडता आली पाहिजे.” तासभर सांगून मला जे जमलं नव्हतं ते त्या कडीने केलं. विलासराव दुसऱ्या दिवशी सुतार घेऊन आले.

त्यानंतर तालीम. हाक मारून, खांदे हलवून, छातीच्या मधल्या हाडावर मुठीने चोळूनही जाग येत नसेल, श्वास अगदी संथ किंवा अडखळत असेल, ओठ-नखं निळसर पडली असतील, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील, तर १०८ ला फोन. “श्वास घेत नाहीये” असं स्पष्ट सांगायचं. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवायचं, थांबत असेल तर तोंडाने श्वास द्यायचा. मिठाचं पाणी पाजणं, उलटी काढणं, थंड पाण्याखाली धरणं यातलं काही करायचं नाही. पाणी फुफ्फुसात जातं आणि मोलाची मिनिटं वाया जातात. यावर नॅलोक्सोन नावाचं औषध आहे, अफूच्या द्रव्यांचा परिणाम ते काही मिनिटांत उलटवतं. आपल्याकडे ते बहुतेक रुग्णालयातच, इंजेक्शनच्या रूपात मिळतं. त्याचा असर तासाभरात उतरू लागतो आणि अंगातलं गर्द अजून शिल्लक असू शकतं, म्हणून शुद्धीवर आल्याआल्या माणसाला घरी आणायचं नाही.

पोलिसांचं भय विलासरावांनी बोलून दाखवलं. मी खोटा दिलासा दिला नाही. रुग्णालय एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायचं प्रकरण, म्हणून नोंद करू शकतं. पण अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४अ मध्ये, सेवनाचा किंवा अल्प प्रमाण जवळ बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल तर त्याला खटल्यापासून संरक्षण आहे. उपचार पुरे करणं ही त्यातली अट.

मंगेश आला. पहिल्याच रविवारी आईने त्याला समोर बसवून सगळं सांगितलं. तो हसला म्हणे, “आई, तू डॉक्टर झालीस का?” पण न्हाणीघराची नवी कडी त्याने बघितली होती आणि तिच्याबद्दल काही बोलला नाही.

महिनाभराने एका रात्री तो उशिरा आला, नाक खाजवत, बसल्या जागी डुलत. विलासराव ओरडणार तोच सुनंदाताईंनी त्यांना बाहेर पाठवलं आणि मावशींना फोन लावला. मावशींनी एकच विचारलं, “बोलतोय का?” बोलत होता, पण दोन वाक्यांत पेंगत होता. “मग झोपू देऊ नकोस, एकटा ठेवू नकोस, मी रिक्षा घेऊन येते. तोवर उठेनासा झाला तर माझी वाट बघू नकोस, १०८ लाव.” रात्रभर त्याला रुग्णालयात देखरेखीखाली ठेवलं. नॅलोक्सोनची गरज पडली नाही. सकाळी त्याने डॉक्टरांना किती घेतलं ते खरं सांगितलं; आमच्या कामात हे फार मोठं आहे.

आता त्याच्यावर मानसोपचार विभागातून ब्युप्रेनॉर्फिनचा उपचार चालू आहे, जिभेखाली ठेवायची गोळी. “एक नशा सोडवून दुसरी लावली” असं विलासरावांचे बंधू म्हणतात. असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. ठरलेल्या मात्रेत ती गोळी तलफ आणि टर्की आवरते, माणूस कामावर जाऊ शकतो. ती कधी कमी करायची हे डॉक्टर ठरवतील, काका नाही.

सुनंदाताईंना आता स्वतः घरोघर जायचं आहे. गटाने त्यांना थांबायला सांगितलंय. घरातली आग धुमसत असताना दुसऱ्याच्या घरी धावणारी बाई लवकर मोडते, हे आम्ही पाहिलं आहे. कार्यकर्तीने कोणाला पैसे द्यायचे नाहीत, पुडी किंवा गोळ्या सांभाळायच्या नाहीत, औषध सुचवायचं नाही आणि आठवड्यातून एक दिवस फोन बंद ठेवायचा. या शेवटच्या नियमावर मावशीच सगळ्यांत जास्त भांडतात. तूर्त सुनंदाताई शनिवारी वर्ग उघडतात, बाक लावतात, नव्या बाईशेजारी बसतात. जवळपास असा गट नसेल, तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे, आणि स्वतःलाच झोप लागेनाशी झाली असेल तर टेली-मानस १४४१६. फोन व्यसन करणाऱ्यानेच करायला हवा असं नाही; आईने केला तरी चालतो.