‘मी’ म्हणजे नक्की कोण, ही कल्पना काळानुसार कशी बदलत गेली?

आधी युरोपात उत्तर सोपं होतं, आत आत्मा आहे, तो बदलत नाही म्हणून तुम्ही तेच (बुद्धांनी हे कितीतरी आधीच नाकारलेलं, पण ते कोणी सांगत नाही). मग १६९४ मध्ये इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने विचारलं की समजा राजपुत्राच्या आठवणी मोच्याच्या शरीरात गेल्या तर सकाळी उठणारा माणूस कोण? त्याच्या मते राजपुत्रच, कारण ओळख आत्म्यात नाही, जाणिवेत आहे, म्हणजे जे आपल्याला आठवतं त्यात.

भारी वाटतं ना, पण स्कॉटिश तत्त्वज्ञ थॉमस रीडने १७८५ मध्ये यातली गोची दाखवली. लहानपणी मार खाल्लेला मुलगा पुढे अधिकारी होतो, त्याला तो मार आठवतो, मग म्हातारपणी जनरल झाल्यावर अधिकारी असतानाचं आठवतं पण मार साफ विसरलेला, म्हणजे जनरल हा तो अधिकारी आहे, अधिकारी हा तो मुलगा आहे, पण जनरल तो मुलगा नाही?? मला तर हा युक्तिवाद अजूनही सगळ्यात जबरी वाटतो.

मधे १७३९ ला तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम सांगून गेलेलाच की आत डोकावलं तर नुसत्या संवेदना सापडतात, ‘मी’ कुठेच नाही. आणि १९८४ मध्ये ब्रिटिश तत्त्वज्ञ डेरेक पार्फिटने तर प्रश्नच उलटवला, तोच माणूस आहे की नाही याला मुळात एवढं महत्त्व कशाला?