‘अपंग समता’ की ‘दिव्यांग समता’? आणि मानपत्रातली ‘मात’

प्रश्न असा आला आहे. ३ डिसेंबरच्या जागतिक दिव्यांग दिनी एक मंडळ पुरस्कार देणार आहे. अपंगांना बरोबरीची वागणूक मिळावी म्हणून झटणाऱ्या व्यक्ती आणि संस्थांसाठी तो आहे. ‘डिसॅबिलिटी इक्वॅलिटी अवॉर्ड’ हे इंग्रजी नाव ठरलंय. मराठीत ‘अपंगत्व समानता पुरस्कार’ म्हटलं तर चालेल का? आणि मानपत्राची सुरुवात ‘आपल्या अपंगत्वावर जिद्दीने मात करून’ अशी केली आहे, तिच्यात काही खटकतं का?

‘अपंगत्व समानता’ नको. अपंगत्व ही अवस्था झाली. बरोबरीचा हक्क मागतात ती माणसं. ‘समानता’ऐवजी मी ‘समता’ घेईन. दोन पोत्यांचं वजन समान असतं, दोन त्रिकोणांचे कोन समान असतात. ‘समता’ म्हटलं की मराठी कानाला सामाजिक हक्काचा झगडा ऐकू येतो. डॉ. आंबेडकरांच्या समाज समता संघाचं पाक्षिक १९२८ साली निघालं, त्याचं नावच ‘समता’ होतं. तुमच्या पुरस्कारामागचा विचार त्याच कुळातला आहे.

मग ‘अपंग समता पुरस्कार’? माझा जीव खरं तर ‘अपंग’ शब्दावर आहे, पण इथे तो दगा देतो. मराठीत ‘अपंग’ हे विशेषण कशालाही लागतं. अग्रलेखांत अपंग अर्थव्यवस्था असते, अपंग प्रशासन असतं. त्याच चालीवर ‘अपंग समता’ म्हणजे लंगडी समता! व्यासपीठामागच्या फलकावर मोठ्या अक्षरांत हे लिहिलेलं बरं दिसणार नाही. ‘अपंग हक्क पुरस्कार’ म्हटलं तर हा घोटाळा होत नाही, कारण ‘अपंग हक्क’ ही जोडी रुळलेली आहे. ‘समता’ हवीच असेल तर मात्र ‘दिव्यांग समता पुरस्कार’.

‘दिव्यांग’ अनेक कार्यकर्त्यांना आवडत नाही, हे ठाऊक असू द्या. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये तो सुचवला आणि बघता बघता सरकारी झाला. १९९५च्या कायद्याच्या हिंदी नावात ‘निःशक्त व्यक्ती’ होती, २०१६च्या कायद्यात तिथे ‘दिव्यांगजन’ आले. पुण्याचं अपंग कल्याण आयुक्तालय दिव्यांग कल्याण आयुक्तालय झालं आणि २०२२मध्ये राज्याने दिव्यांग कल्याण हा वेगळा विभागच काढला. आक्षेप साधा आहे: आम्ही रॅम्प मागितला, तुम्ही दैवी अंश दिलात. (जुन्या मराठीत ‘दिव्य’ म्हणजे खरेपणा सिद्ध करायची कसोटीही. उकळत्या तेलातून धातूचा तुकडा काढायचा, ते रवादिव्य. प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयाच्या खेपा घालणाऱ्याला ‘दिव्यांग’ या अर्थाने पटेलही!) तरी शासकीय पत्रव्यवहार, बातम्या, प्रमाणपत्र सगळीकडे आता हाच शब्द आहे. नाव तेच ठेवा, आणि मजकुरात ज्यांच्याबद्दल लिहिताय त्यांना विचारून त्यांचा शब्द वापरा.

खरी दुरुस्ती हवी आहे ती मानपत्राला. ‘मात’ हा बुद्धिबळाच्या पटावरचा शब्द. मात झाली की डाव संपला. पण चाकाच्या खुर्चीतल्या एखाद्या बाईंचा सत्कार झाला, तरी दुसऱ्या दिवशीही त्या खुर्चीतच असणार, आणि त्यात त्यांची हार नाही. मुरलीकांत पेटकर घ्या. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेले हे सांगली जिल्ह्यातले जवान. १९७२च्या हायडलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये भारताला पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं. त्यांनी मात केली ती बाकीच्या जलतरणपटूंवर! अर्जुन पुरस्कार हाती पडायला मात्र २०२५चा जानेवारी उजाडला. एवढ्या उशिराचं खापर कोणी अपंगत्वावर फोडणार नाही.

शिवाय ‘अपंगत्वावर मात’ म्हटलं की सगळा भार एका माणसाच्या जिद्दीवर जातो आणि पायऱ्या बांधणारे नामानिराळे राहतात. तुमचा पुरस्कार तर त्या पायऱ्यांशी भांडणाऱ्यांना आहे. जुलै २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही एका चित्रपटाच्या निमित्ताने बजावलं, की ‘पीडित’, ‘ग्रस्त’, ‘बळी’ या धाटणीची भाषा टाळावी. ती दोष माणसाच्या अंगाला चिकटवते आणि समाजाने उभे केलेले अडथळे झाकते.

म्हणून क्रियापद बदला. ‘अपंगत्वावर मात करून समाजापुढे आदर्श ठेवला’ हे वाक्य कोणालाही लावता येतं, म्हणजे ते कोणाचंच नाही. त्याऐवजी: ‘आपण तहसील कार्यालयाच्या दारात रॅम्प करून घेतलात, अर्ज अंधांना मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला वाचता येतील असे करवून घेतलेत, आणि नाकारलेले शाळाप्रवेश मिळवून दिलेत.’ अर्थात जे घडलं असेल तेच लिहायचं. ‘सक्षमीकरण’ शक्यतो गाळा. माणूस सक्षम असतो, इमारत नसते. ‘असूनही’ दिसलं की तेही खोडा: ‘अंध असूनही उत्तम शिक्षिका’मधलं ते अव्यय कौतुकाच्या आडून शंका घेतं.

आणखी एक. मसुद्यात ‘मूकबधिर’ आलंय, तिथे ‘कर्णबधिर’ करा. बधिरपणा कानाचाच, तेव्हा शब्दात पुनरुक्ती आहे खरी, पण भूल दिल्यावर हिरडीही बधिर होते, म्हणून ती खपून जाते. ‘मूक’ मात्र चुकीचंच आहे. सांकेतिक भाषेत दिवसभर बोलणारी माणसं मुकी कशी? फक्त एखाद्या जुन्या शाळेच्या नोंदणीकृत नावातच ‘मूकबधिर विद्यालय’ असेल, तर तिथे नाव आहे तसंच छापा.