इगर्जीच्या घड्याळाची तबकडी: रंग की वर्ख?

प्रश्न : मी पेंटर आहे. आमच्या गावच्या इगर्जीच्या (चर्चच्या) मनोऱ्यावर दीड मीटर व्यासाची तांब्याची तबकडी आहे, काळ्यावर सोनेरी रोमन आकडे. तीन वर्षांपूर्वी मारलेला सोनेरी रंग पहिल्याच पावसाळ्यात तपकिरी पडला. आता इगर्जीचा कारभार पाहणाऱ्या फाब्रिक समितीतले काहीजण म्हणतात, तबकडी काढून फायबरची बसवा. ८ डिसेंबरच्या फेस्तापूर्वी काम हवंय. काय करू?
– एक वाचक, बार्देश

उत्तर : तांबं काढू देऊ नका, ही पहिली विनंती. खाऱ्या वाऱ्यात ते पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. दोष रंगाचा आहे. डब्यातल्या सोनेरी रंगात सोनं नसतं. तांबं-जस्ताची भुकटी असते, म्हणजे पितळच. ओल आत शिरली की ते काळवंडणारच. तिथे सोन्याचा वर्ख हवा, २३ कॅरेट किंवा वरचा. कमी कॅरेटचा उघड्यावर झाकोळतो.

जुना रंग उतरवण्याआधी एका कोपऱ्यात रुपयाएवढी जागा ओल्या पॉलिशपेपरने थर-थर घासून बघा. लंडनच्या बिग बेन घड्याळाच्या तबकड्यांवरचे आकडे नि काटे कित्येक वर्षं काळे होते. २०१७ ला सुरू झालेल्या दुरुस्तीत खालचे थर तपासले, तेव्हा मूळचा प्रशियन निळा सापडला आणि तोच परत लावला. तुमच्या काळ्याखाली काय निघतं ते फादरना दाखवा, मग रंग ठरवा. कोरडं मात्र घासू नका, जुन्या रंगात शिसं असू शकतं.

बोल्ट लोखंडी असतील तर बदला. तांब्याला टेकलेलं लोखंड खाऱ्या हवेत झपाट्याने गंजतं. नवे पितळेचे घाला, भोकं किंचित लांबट ठेवा: काळी तबकडी उन्हात ४० अंशांनी तापली तर दीड मीटरमागे सुमारे १ मिलिमीटर वाढते. तिला हलायला जागा नसेल तर पत्रा फुगतो आणि रंग तडकतो.

आता वर्ख. म्हापशात मी चाळीस वर्षं बोर्ड रंगवले. पहिल्या घड्याळाच्या वेळी सोनं टिकावं म्हणून वर्खावर वार्निश मारलं. दोन पावसाळ्यांत ते पिवळं पडलं, पापुद्रे सुटले आणि सोनं घेऊन गेले. बसमधून तो मनोरा दिसला की अजून वाईट वाटतं. चांगल्या वर्खावर काहीही मारू नका.

काळा रंग पूर्ण वाळला की त्यावर टाल्कम पावडर फिरवून झटका, म्हणजे वर्ख नको तिथे चिकटणार नाही. आकड्यांवर गोल्ड साइज, म्हणजे वर्ख चिकटवायचं तेलकट वार्निश, बारा तासांत तयार होणारं, अगदी पातळ ओढा. दुसऱ्या दिवशी बोट वाकवून सांध्याची पाठ टेकवा. बारीक ‘टिक्’ आवाज होऊन ती सुटली आणि कातडीला काही लागलं नाही, की वेळ झाली. घाई केलीत तर सोनं साइजमध्ये बुडतं, चकाकी जाते. मनोऱ्यावर वारा असतो, म्हणून सुटा वर्ख नको, कागदाला चिकटवलेला घ्या.

आकडे आधी ट्रेस करून ठेवा. चारचा आकडा चार उभ्या दांड्यांचा असेल तर तो चुकलेला नाही, बऱ्याच घड्याळांवर तसाच लिहितात. एका गावात कोणी तो ‘सुधारला’ होता. मला पुन्हा चार दांड्या ओढाव्या लागल्या. काट्यांवर जाड रंग चढवू नका, मागच्या वजनाने त्यांचा तोल साधलेला असतो.

परांची नोव्हेंबरच्या सुरुवातीला बांधा. सकाळी दंव असतं. पत्रा हाताला कोरडा लागेपर्यंत ब्रश उचलू नका.